साने गुरुजींची आठवण म्हणून गल्लीत कथामाला सुरू करायचीय? मग हे वाचा

११ जून आला की साने गुरुजींचा फोटो कपाटातून निघतो, पुसला जातो, हार घातला जातो, दोन-तीन भाषणं होतात आणि समोर सतरंजीवर बसवलेली मुलं कधी सुटतोय याची वाट बघत चुळबुळत असतात. मीसुद्धा असाच कार्यक्रम केलाय एकदा. तीन पाहुणे बोलावले होते, तिघं मिळून दीड तास बोलले, पहिल्या रांगेतली एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसल्या बसल्या झोपून गेली आणि तिनं फोटोला वाहायला आणलेलं चाफ्याचं फूल मुठीत चुरगळून काळं पडलं. ते फूल बघून मला फार वाईट वाटलं. जो माणूस मुलांसाठी जगला त्याच्या नावानं आम्ही मुलांनाच दीड तास गप्प बसवलं होतं. तेव्हा ठरवलं की गुरुजींची आठवण काढायची तर मुलांना गोष्ट सांगायची, आणि वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला.

कसं करायचं ते थोडंफार माहीत होतं कारण लहानपणी आमच्या गल्लीत एक आजोबा होते. रिटायर्ड शिक्षक, पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा. दर शनिवारी संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे आणि आम्ही पोरं खाली पायऱ्यांवर. चष्मा काढून खिशात ठेवला की गोष्ट सुरू होणार हे आम्हाला कळायचं, सगळी कुजबुज तिथेच थांबायची. ते गुरुजींना मानणारे होते, त्यांच्या घरात भिंतीवर एकच फोटो होता, गुरुजींचा. आजोबा गेले आणि ओटा रिकामा राहिला तो बरीच वर्षं तसाच राहिला. आता पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं त्यांच्याकडून पाहिलेलं आहे आणि निम्मं स्वतः करताना कळलेलं.

आधी गुरुजींबद्दल थोडं, म्हणजे मुलांनी विचारलं तर सांगता येईल

पांडुरंग सदाशिव साने, जन्म २४ डिसेंबर १८९९, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळचं पालगड. १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि तिथल्या छात्रालयाचे प्रमुख, मग १९३० ला नोकरी सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंग झाले. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला, १९४७ ला पंढरपुरात उपोषण केलं, १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक सुरू केलं, आणि ११ जून १९५० ला गेले, पन्नास वर्षांचेच होते. ते गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावानं कथामाला सुरू केली आणि ती गावोगावी पसरली, कितीतरी शिक्षकांनी आणि गृहिणींनी फुकट, आवडीनं, वर्षानुवर्षं मुलांना गोष्टी सांगितल्या. म्हणजे आपण काही नवीन शोध लावत नाही आहोत, वाट आधीच पडलेली आहे.

हे सगळं तुमच्या डोक्यात असू द्या, पण मुलांना या क्रमानं सांगू नका. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू हे शाळेच्या निबंधात असतं आणि ते ऐकून कुणालाही माणूस भेटत नाही. एकच प्रसंग घ्या आणि तो जवळून दाखवा. मी नेहमी छात्रालयाचा घेतो. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्यांतून फिरायचे, कुणाचं अंथरूण तसंच पडलंय ते घडी करायचे, खोली झाडायचे, मळके कपडे दिसले तर धुऊन टाकायचे. कुणाला ओरडायचे नाहीत. मुलं परत येऊन बघतात तर शर्ट दोरीवर वाळतोय. हे सांगताना मी हातानं अंथरुणाची घडी घालून दाखवतो, चादरीची टोकं जुळवून, आणि मग थांबतो. एकदा एका आठ वर्षांच्या मुलानं विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः घडी केली का?" मी म्हटलं तुला काय वाटतं. तो बराच वेळ विचार करत बसला.

कधी आणि कुठे

दोन तारखा साहजिक आहेत, २४ डिसेंबर आणि ११ जून. ११ जून बहुतेक ठिकाणी उन्हाळी सुट्टीच्या शेवटी येतो, शाळा उघडलेली नसते, त्यामुळे शाळेच्या भरवशावर राहू नका, सोसायटीचा हॉल, वाचनालय, देवळाची ओसरी, कुणाचा तरी मोठा व्हरांडा असं काहीही चालेल, फक्त सगळ्या घरांतली मुलं तिथे मोकळेपणानं येऊ शकतील ना एवढं आधी बघा. देऊळ जवळ आहे म्हणून तिथे ठेवलं आणि गल्लीतली चार मुलं आलीच नाहीत तर गुरुजींच्या नावानं करण्यात काय अर्थ राहिला. २४ डिसेंबरला शाळा चालू असतात पण स्नेहसंमेलनांची गडबड असते, दुसऱ्या दिवशी नाताळची सुट्टी, म्हणून २४ ची संध्याकाळ चांगली जमते.

पण खरं सांगू का, तारीख फक्त सुरुवातीसाठी. त्यानंतर आठवड्याचा एक वार आणि एक वेळ पक्की करा आणि ती काही झालं तरी मोडू नका. शनिवार संध्याकाळी सहा म्हणजे सहा. तीन मुलं आली तरी सांगा, एक आलं तरी सांगा. पावसात माझ्याकडे एकदा दोनच मुलं आली होती, बहीणभाऊ, एकाच छत्रीत, आणि त्या दिवशीच्या गोष्टीची ती दोघं अजून आठवण काढतात. एकदा मी कंटाळून रद्द केली तर पुढच्या शनिवारी निम्मी मुलं आली नाहीत. मुलांना सगळ्यात जास्त भरवसा लागतो, माणूस तिथे असणार आहे याचा.

वय साधारण पाच ते बारा. पाचच्या आतली येतात ताई-दादाबरोबर, येऊ द्या, ती मध्येच उठून फिरतील, फिरू द्या. मुलं वीस-पंचवीसच्या वर जायला लागली की दोन गट करा कारण मागच्या मुलाचे डोळे तुम्हाला दिसले नाहीत तर गोष्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही. माईक लावू नका. माईक लागला की तुम्ही भाषण करायला लागता.

बसायचं कसं, हे छोटं वाटतं पण यावर बरंच अवलंबून असतं. अर्धगोल करा, तुम्ही मुलांच्याच पातळीवर बसा, खुर्ची नको, गुडघे दुखत असतील तर पाट किंवा बुटका स्टूल. तुमच्या पाठीमागे भिंत असू द्या, खिडकी किंवा दरवाजा नको, नाहीतर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि बाहेरून कोण गेलं हे बघण्यातच त्यांचं लक्ष जातं. मोबाईल सायलेंट, तुमचासुद्धा. फोटो काढायचेच असतील तर गोष्ट संपल्यावर, आणि आईवडिलांना विचारून. गोष्ट चालू असताना कुणी फोन वर धरला की मुलं लगेच बदलतात, तोंड नीट करून बसतात, आणि गोष्ट तिथेच तुटते.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. नेहमी दोन मोठी माणसं हवीत, दरवाजा उघडा हवा, आणि कुठल्या मुलाला न्यायला कोण येणार हे एका वहीत लिहिलेलं हवं. तुम्ही कितीही चांगले असलात तरी हे करा. आईवडील तुम्हाला आपलं मूल सोपवतायत.

कुठली गोष्ट निवडायची

एका वेळी तासभर खूप झाला, खरं तर पाऊण तास पुरे. त्यात मुख्य गोष्ट बारा-पंधरा मिनिटांची, एक छोटी पाच मिनिटांची, बाकी वेळ गप्पा आणि गुरुजींची प्रार्थना म्हणायची असेल तर ती, बहुतेकांना पाठ असते.

गुरुजींच्या स्वतःच्या लिखाणातून घ्यायचं असेल तर एक चांगली बातमी आहे. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो, गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०१० च्या शेवटी तो संपला. १ जानेवारी २०११ पासून त्यांचं त्यांच्या हयातीत छापून आलेलं लिखाण कुणीही वाचावं, सांगावं, रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकावं, कुणाला विचारायची गरज नाही. फक्त नवीन आवृत्तीतली चित्रं, कुणी केलेलं संक्षिप्त रूप, कुणी केलेलं ऑडिओबुक हे त्या त्या लोकांचं असतं, ते उचलू नका. मूळ पुस्तक घ्या आणि तुमच्या आवाजात सांगा.

'श्यामची आई'मध्ये चाळीसच्या वर रात्री आहेत, प्रत्येक रात्र म्हणजे एक गोष्ट, आणि ती आश्रमातल्या मित्रांना तोंडी सांगितल्यासारखीच लिहिलीय म्हणून सांगायला फार सोपी जाते. पण सगळ्या एकसारख्या नाहीत. लहान मुलांना मी भावासाठी कोट शिवून आणण्याची सांगतो, खाऊचे पैसे साठवायचे, छोट्या भावाच्या अंगात नवा कोट आणि मध्ये भर पावसातली वाट, मुलं श्वास रोखून ऐकतात. पोहायला घाबरून लपून बसणाऱ्या श्यामचीही आवडते, पण तिथे आई त्याला मारते, आणि आजची मुलं लगेच विचारतात की आईनं मारलं ते बरोबर होतं का. ते टाळू नका आणि आईची वकिलीही करू नका. मी म्हणतो, नाही, मारायला नको होतं, त्या काळी घरोघरी मारायचे, आणि श्याम मोठा झाल्यावर ते विसरला नाही बघ, सांगतोय अजून. तेवढं पुरतं.

सगळ्यात जपून सांगायची ती मोळीची. एक थकलेली म्हातारी बाई, लाकडाची मोळी खाली पडलेली, तिला कुणी हात लावत नाही कारण ती तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातीतली, आणि श्यामची आई श्यामला पाठवते, जा, मोळी डोक्यावर चढवून दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर असंही सांगते. लहानपणी मला आजोबांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा आंघोळीचा भाग गाळला होता. मी गाळत नाही. मोठ्या मुलांना, नऊ-दहाच्या पुढच्या, पूर्ण सांगतो, आणि कोणतरी विचारतंच की मग आंघोळ कशाला. तिथे मुलांना बोलू द्या. त्या आईनं एक पाऊल टाकलं होतं, पुढची पावलं राहिली होती, आणि ती श्यामनं मोठा झाल्यावर टाकली. तुमच्यासमोर ज्या घरांनी हा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसलाय त्या घरांतली मुलं बसलेली असू शकतात हे क्षणभरही विसरू नका. बिचारी म्हातारी असा सूर लावू नका. अन्याय कोण करत होतं हे स्पष्ट बोला.

याला जोडूनच पंढरपूरची सांगा, ती कुठल्या पुस्तकातली गोष्ट नाही, घडलेली आहे. विठ्ठलाच्या देवळात दलितांना आत सोडत नव्हते. गुरुजी आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी सभा घेतल्या, आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपवासाला बसले. दहा दिवस. १० मे ला उपवास सुटला, देऊळ सगळ्यांना उघडायचं ठरलं तेव्हा. मी ही दरवाजापासून सुरू करतो. "एक मोठा दरवाजा होता. शेकडो मैल चालून माणसं तिथे यायची. काहींना आत जाता यायचं, काहींना बाहेरूनच कळसाला नमस्कार करून परत जावं लागायचं." एवढं झालं की मुलंच विचारतात का, आणि पुढची गोष्ट त्या 'का'वर चालते. मे महिन्याचं ऊन, पाणी सोडून पोटात काही नाही, आणि बोलायला आलेल्या रागावलेल्या माणसांशीसुद्धा गुरुजी हळू आवाजात बोलतायत, हे मुलांना डोळ्यासमोर दिसलं पाहिजे.

दर आठवड्याला गुरुजींच्याच गोष्टी असं मात्र नको. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले, तिरुवल्लुवर या जुन्या तमिळ कवीचं 'कुरल' हे काव्य मराठीत आणलं, आणि पुढे आंतरभारतीची कल्पना मांडली, की एका प्रांतानं दुसऱ्याची भाषा शिकावी, गोष्टी-गाणी द्यावी-घ्यावी. म्हणून महिन्यातून एक शनिवार आपल्याकडे आंतरभारतीचा. गल्लीत कानडी घर असेल, गुजराती, उर्दू बोलणारं, बिहारहून आलेलं, आदिवासी पाड्यावरचं असेल तर त्या मुलाच्या आजीला किंवा आईला बोलवा आणि त्यांच्या भाषेत सांगू द्या, मुलगा मराठीत करून सांगेल. शाळेत मराठी अडखळतं म्हणून जो मुलगा मागे बसायचा तो त्या दिवशी दोन भाषांच्या मधे उभा असतो आणि सगळे त्याच्याकडे बघत असतात. याच्यासाठी तरी हे कराच.

गोष्ट तयार कशी करायची

वाचून दाखवू नका, सांगा. वाचताना तुमचे डोळे पुस्तकात असतात. पाठ पण करू नका, एक वाक्य विसरलं की गाडी अडकते. आजोबा म्हणायचे गोष्टीचे थांबे लक्षात ठेवायचे, एसटीसारखे. पाच किंवा सहा थांबे. कोटाच्या गोष्टीचे माझे थांबे असे आहेत: साठवलेले पैसे, शिंप्याचं दुकान, पाऊस आणि वाट, घराचं दार, भावाच्या अंगात कोट. मधला रस्ता दरवेळी थोडा वेगळा गेला तरी चालतो. फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं करून ठेवा, कारण सुरुवातीला आपणच घाबरलेले असतो आणि शेवटी कुठे थांबायचं ते कळत नाही म्हणून आपण बोलतच राहतो.

तीनदा वाचा, पुस्तक मिटा, मग भांडी घासताना किंवा चालताना मोठ्यानं सांगून बघा. जिथे अडखळाल तिथे तुम्हाला चित्र दिसत नाहीये. शिंप्याच्या दुकानात काय काय होतं, मशीनचा आवाज कसा येतो, कात्री कुठे ठेवलीय, हे आधी तुम्हाला दिसलं पाहिजे, मग मुलांना दिसतं. सगळं सांगायचं नसतं, पण दिसलेलं असायला हवं.

जुने शब्द येतात, माजघर, ओसरी, पत्रावळ, सोवळं. ते बदलून टाकू नका, पण गोष्टीच्या मध्ये थांबून अर्थ सांगत बसू नका. सुरू करायच्या आधी दोन मिनिटांत वस्तूच दाखवा. मी एकदा पळसाची पानं आणली होती आणि पत्रावळ टाचायला बसवलं सगळ्यांना, कुणाचीच धड झाली नाही, काड्या मोडल्या, पानं फाटली, आणि मग श्यामला पत्रावळ येत नव्हती ती गोष्ट सांगितली तर मुलं इतकी त्याच्या बाजूनं होती! ओसरी म्हणजे काय हे सांगायला जमिनीवर खडूनं जुन्या घराचा नकाशा काढा आणि मुलांना त्यात उभं करा, तू अंगणात, तू ओसरीवर, तू माजघरात.

आवाजाचे नाटकी चढउतार फार करू नका. हळू बोला. मुलं दंगा करायला लागली तर आवाज वाढवायच्या ऐवजी आणखी हळू करा, पुढची वाकून ऐकायला लागतात आणि मागची आपोआप गप्प होतात. आणि गप्प राहायला घाबरू नका, महत्त्वाच्या जागी दोन श्वास थांबा.

गोष्ट संपल्यावर

तात्पर्य सांगू नका आणि विचारू पण नका. "मग यातून आपण काय शिकलो?" हे वाक्य मी पूर्ण बंद केलंय. तुम्ही विचारलंत की मुलं तुम्हाला हवं ते उत्तर देतात, खरं बोलावं, मोठ्यांचं ऐकावं, आणि जे मनात चाललेलं असतं ते आतच राहतं. संपलं की नुसतं बसा. अर्धं मिनिट. मग हवं तर विचारा की तुला कुठली जागा अजून दिसतेय. एकीनं मोळीच्या गोष्टीनंतर सांगितलं होतं, "त्या आजीचे पाय दिसतायत, चप्पल नव्हती ना." मी चपलेचं काहीच बोललो नव्हतो, ते तिनं स्वतः पाहिलं.

कथाकथन स्पर्धा घेऊ नका, निदान गुरुजींच्या नावानं तरी. पहिला-दुसरा नंबर आला की बाकीची पंधरा मुलं रडवेली घरी जातात, आणि जो तोतरं बोलतो तो पुढच्या वेळी येतच नाही. त्याऐवजी ज्याला सांगायचंय त्याला सांगू द्या. अडखळलं तर शब्द पुरवू नका, तोंडाकडे बघत थांबा, येतो शब्द. बाकीच्यांनी हसायचं नाही एवढा एकच नियम आमच्याकडे आहे, आणि तो पहिल्या दिवशी सांगायचा.

अमळनेरच्या छात्रालयात गुरुजी मुलांसाठी हातानं लिहून एक दैनिक काढायचे. विचार करा, रोज, हातानं! आपल्याला रोज नाही जमणार पण महिन्यातून एक मोठा कागद भिंतीवर लावता येतो. मुलं ऐकलेल्या गोष्टीचं चित्र काढतात, कुणी आजीची आठवण लिहितं, कुणी आपलं मांजर हरवलं ते लिहितं. शुद्धलेखन लाल पेननं तपासू नका. आणि शेवटी गुरुजी आपल्या पुतणीला जशी लांबच लांब पत्रं लिहायचे तसं एखादं पत्र मुलांना तुम्हीच लिहून तिथे चिकटवा, झाडांबद्दल, पावसाबद्दल, वाटेत दिसलेल्या माणसाबद्दल. मुलं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचतात, मी बघितलंय.

छात्रालयातल्या त्या अंथरुणाची आठवण म्हणून आम्ही एक करतो, गुपचूप काम. आठवडाभरात कुणालाही न कळता कुणाचं तरी एक काम करायचं आणि ते कथामालेत सांगायचं नाही. टाळ्या नाहीत, स्टार नाहीत, वहीत नोंद नाही. आईवडील कधीकधी येऊन मला हळूच सांगतात की सकाळी उठून बघितलं तर पाण्याची बादली भरलेली होती. मी त्या मुलाला काही बोलत नाही.

मुलांनी विचारलं की गुरुजी कसे गेले

हा प्रश्न येतोच, आणि मोठी माणसं हमखास गडबडतात. लहानांना एवढंच पुरतं की ते गेले तेव्हा फार दुःखात होते. पण दहा-बाराच्या मुलानं सरळ विचारलं, कुठेतरी वाचून आलेलं असेल, तर खोटं बोलू नका. त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं असं साध्या शब्दांत सांगा. कसं, काय घेऊन, हे तपशील अजिबात नकोत. गांधीजींच्या खुनानं ते आतून हलले होते, त्यानंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला होता, देशात जे चाललं होतं ते त्यांना सहन होत नव्हतं, असं सांगता येतं, पण अमुक एका कारणामुळे झालं असं ठामपणे म्हणू नका, माणसाचं मन इतकं सरळ नसतं. आणि त्याला थोरपणाचा रंग तर मुळीच देऊ नका. मी म्हणतो की एवढ्या प्रेमळ माणसाला पण इतकं वाईट वाटू शकतं, आणि तसं वाटलं तर एकट्यानं सोसायचं नसतं, आईला, सरांना, मला, कुणालातरी सांगायचं. मनाला त्रास होत असेल तर बोलण्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, आणि मुलांसाठी १०९८ आहे. दोन्ही नंबर आमच्या भिंतीवरच्या कागदाच्या कोपऱ्यात कायम लिहिलेले असतात. त्या दिवशी नंतर ते मूल गप्प गप्प वाटलं तर त्याच्या घरी जाऊन या.

तुमच्याकडेही असे कोणी आजी-आजोबा होते का

असतील तर गुरुजींबरोबर त्यांचीही आठवण काढा. आमच्या आजोबांची पुण्यतिथी आम्ही वेगळी करत नाही, पण त्या आठवड्यात त्यांची एक गोष्ट सांगतो आणि सांगायच्या आधी मी चष्मा काढून खिशात ठेवतो. कोणी हयात असतील तर आत्ताच मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या, पंखा बंद करून, मोबाईल हातभर अंतरावर टॉवेलावर ठेवून, आणि समोर एखादं मूल बसवून, कारण मोबाईलला गोष्ट सांगता येत नाही कुणाला. फाईलला नाव आणि तारीख द्या, दोन ठिकाणी ठेवा.

आणि हो, उशिरा येणाऱ्या मुलाचं राहिलं. तो दारात उभा राहतो, आत यावं की नको करत, सगळे वळून बघतात. आजोबा तेव्हा गोष्ट थांबवायचे. उशीर का झाला विचारायचे नाहीत. "ये. एक मुलगा आहे, त्यानं पैसे साठवलेत, आता तो शिंप्याकडे चाललाय," असं एका दमात सांगायचे, हातानं जागा दाखवायचे आणि तो बसला की पुढे. बाकीची मुलं कंटाळायची नाहीत, उलट आपल्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकताना माना हलवायची. मी हे अगदी तसंच करतो, त्यामुळे उशीर झाला तरी मुलं येतात, परत जात नाहीत.

सगळं झालं की चपला शोधायचा गोंधळ होतो, होऊ द्या. वहीत बघून एकेकाला सोडा, आणि शेवटचं मूल घरी पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय सतरंजी उचलू नका.